डोक्याच्या नेव्हिगेशन शस्त्रक्रियेतील रजिस्ट्रेशन

नेव्हिगेशन म्हणजे शस्त्रक्रियेत उपकरणाचे टोक डोक्यात कुठे आहे ते स्कॅनवर दाखवणारी यंत्रणा. त्यासाठी आधी काढलेला सीटी किंवा एमआरआय आणि टेबलावरचे रुग्णाचे डोके यांचा मेळ घालणे म्हणजे रजिस्ट्रेशन. तो बसला की प्रोबचे (जागा दाखवायच्या सळीचे) टोक जिथे टेकेल तीच जागा पडद्यावर दिसते. कवटीच्या हाडात बसवलेल्या स्क्रूंवरून हा मेळ सर्वांत नेमका बसतो. चूक साधारण 1 मिमी. पण त्यासाठी स्कॅनआधीच कातडीला छेद द्यावे लागतात, म्हणून रोजच्या कामात कातडीवर चिकटवलेले मार्कर (स्कॅनमध्ये दिसणाऱ्या खुणा) किंवा चेहऱ्यावर लेझर फिरवून केलेली पृष्ठभागाची जुळणी वापरतात. या दोन्हींत 2 ते 4 मिमी चूक धरूनच चालावे. वरच्या दातांवर बसणारी मार्करची पट्टी कवटीच्या तळाच्या पुढच्या भागात स्क्रूंच्या जवळपास पोचते, मात्र दात नसतील तर ती बसतच नाही.

मार्कर 6 ते 10 लावतात. कपाळावर आणि कानामागे कातडी कमी सरकते. गाल आणि मान टाळावी. प्रत्येक मार्करभोवती पेनने गोल काढावा, म्हणजे तो निघाला तरी जागा सापडते. सगळे मार्कर कपाळावरच दाटले, तर मेळात 1 अंशाचा कल राहिला तरी 150 मिमी मागे, डोक्याच्या पाठीमागच्या भागात, चूक 2.6 मिमी होते.

नाशिकला मालेगाव किंवा कळवणहून येणाऱ्या रुग्णाने स्कॅनची सीडी सोबत आणली असेल, तर आधी कापांची जाडी पाहावी. निदानासाठी 5 मिमीचे काप चालतात. नेव्हिगेशनला 1 मिमीचे सलग काप लागतात आणि नाक, कान पूर्ण दिसावे लागतात. नसेल तर नवा स्कॅन काढावा, त्यात काटकसर नको.

मेळ झाल्यावर मशीन जो आकडा दाखवते तो मार्कर आपसात किती जुळले एवढेच सांगतो. काढायच्या गाठीपाशी किती चूक आहे ते त्यातून कळत नाही. संगणकशास्त्रज्ञ मायकेल फिट्झपॅट्रिक यांनी 2009 मध्ये हे गणिताने दाखवले. म्हणून डोके पिनांनी आवळल्यावर नाकाचे मूळ, डोळ्याचा बाहेरचा कोपरा आणि गाठीजवळचा एखादा बिंदू प्रोबने टेकवून पाहतात. पिनांनी कातडी ओढली जाते आणि रुग्ण पालथा असेल तर चेहराही दबतो. ड्रेप (निर्जंतुक कापड) घालताना संदर्भ-फ्रेमला, म्हणजे जिच्यावरून मशीन डोक्याची जागा ओळखते त्या चौकटीला, धक्का लागला तर सगळेच सरकते, म्हणून ड्रेपनंतर पुन्हा तपासावे.

मेंदूचे आवरण उघडून मेंदूभोवतीचे पाणी वाहिले की मेंदू 1 सेंमीपर्यंतही खचू शकतो. ही चूक रजिस्ट्रेशनची नव्हे. तिथे अल्ट्रासाउंड लावून पाहावे लागते.