फेरीबोटीची वेळ तिथीवरून

सोलापुरातून नाकासमोर पश्चिमेला रेघ मारली, तर ती समुद्राला जवळपास दाभोळलाच भिडते. दोन्ही गावं १७.६ उत्तर अक्षांशाच्या आसपास आहेत. रस्ता मात्र इतका सरळ नाही. पंढरपूर, कराड, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर असं करत गाडी धोपाव्याला पोचते आणि समोर वाशिष्ठीची खाडी येते. पलीकडचं दाभोळ डोळ्यांना दिसतं, पण रस्त्याने जायचं तर चिपळूण, खेड, दापोली असा शंभर किलोमीटरच्या वरचा वळसा. म्हणून इथे २००३ पासून गाड्या वाहणारी फेरीबोट चालते. कोकणात तिला जंगलजेटी म्हणतात.

फेऱ्यांचं वेळापत्रक मोबाइलवर मिळतं. आपली गाडी चढेल-उतरेल तेव्हा पाणी किती खाली गेलेलं असेल, हे त्यात नसतं. ते तिथीवरून काढता येतं, आणि तिथी सांगणारं दाते पंचांग सोलापुरातच तयार होतं.

तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यात १२ अंशांचं अंतर पडायला लागणारा काळ. पृथ्वी स्वतःभोवती तासाला १५ अंश फिरते. त्यामुळे दर तिथीला चंद्र बारा भागिले पंधरा तास, म्हणजे ४८ मिनिटं उशिरा माथ्यावर येतो आणि भरतीही साधारण तेवढीच मागे सरकते. किनाऱ्यावरचा जुना हिशोब तिथीच्या पाऊणपटीचा. पंचमीची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. ४८ मिनिटांनी गुणलं तर चार वाजतात. पौर्णिमा आणि अमावास्येला १५ गुणिले ४८ मिनिटं, म्हणजे बारा. वद्य पक्षात मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. आलेल्या वेळेत सव्वासहा तास मिळवले की ओहोटी.

हा ठोकताळा मुंबईचा आहे. चंद्र माथ्यावर आणि त्याच वेळी भरती, असा योग सगळ्या किनाऱ्यांवर जुळत नाही. समुद्राची खोली आणि किनाऱ्याचा आकार यांवर प्रत्येक बंदराचा उशीर ठरतो. आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे दाभोळला ती मुंबईच्या आधी येते. तासाभराचा फरक धरून चालावं. नेमकी वेळ हवी तर भरती-ओहोटीचं छापील कोष्टक आहेच.

पाणी किती चढतं-उतरतं हेही तिथीच सांगते. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य आणि चंद्राची ओढ एका रेषेत येते आणि उधाण येतं. अष्टमीच्या सुमारास दोन्ही ओढी काटकोनात असतात, तेव्हा भांगाची भरती, म्हणजे चढउतार कमी. पाण्याला प्रतिसाद द्यायला वेळ लागतो, म्हणून उधाणाचा जोर एक-दोन दिवसांनी सर्वाधिक असतो. दिवाळीत भाऊबीज उरकून रात्री निघणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. कार्तिक शुद्ध द्वितीया ऐन उधाणात पडते. हिशोबाने भरती दीडच्या सुमारास, तर ओहोटी सकाळी सात ते आठच्या दरम्यान. रात्रभर गाडी चालवून धक्क्यावर पोचण्याची वेळ नेमकी हीच!

ओहोटीने अडचण का होते? बोट धक्क्याला आडवी लागत नाही. तिचा तळ सपाट असतो, पुढची लोखंडी फळी सिमेंटच्या उतारावर टेकते आणि गाड्या तिच्यावरून ये-जा करतात. उतार आठास एक असेल आणि पाणी अडीच मीटर खाली गेलं, तर बोट टेकण्याची जागा २० मीटर खाली सरकते. उताराचा हा भाग रोज पाण्यात बुडतो, म्हणून त्यावर शेवाळ धरतं. बोटीतून उतरून वर चढताना गाडीचा भार मागच्या चाकांवर जातो. पण बहुतेक छोट्या गाड्यांची ताकद पुढच्या चाकांना असते. भार कमी, त्यात शेवाळ, म्हणून चाकं जागेवर फिरतात. अशा वेळी एक्सलेटर दाबून उपयोग नाही. पहिला गिअर, बेताचा वेग, आणि मध्ये थांबायचं नाही. पुढची गाडी पूर्ण वर गेल्याशिवाय आपली हलवू नये. फळी आणि उतार यांच्या सांध्यावर गाडीचं पोट घासतं, म्हणून माणसं आधीच उतरवावीत. चार माणसांचं अडीचशे किलो वजन कमी झालं की गाडी थोडी उचलली जाते. सांधा किंचित तिरक्या रेषेत ओलांडला तर आणखी बरं.

बोटीवर गेल्यावर हँडब्रेक ओढावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी. कुठली गाडी कुठे लावायची ते खलाशी ठरवतात, आणि त्यामागे गणित असतं. पाण्याच्या पातळीला बोट ३० मीटर लांब आणि ८ मीटर रुंद धरली, तर एक टन वजनाने ती जेमतेम ४ मिलिमीटर बुडते. पंधरा टनी बसने सहा सेंटिमीटर. म्हणजे बुडण्याची भीती नसते, असते ती कलण्याची. बस मधोमध घेतात, छोट्या गाड्या दोन्ही बाजूंना सारख्या. किल्ला किंवा डॉल्फिन दिसला की सगळे एकाच कठड्याला धावतात, ते तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, म्हणूनच आवडत नाही.

कलल्यावर सावरण्याचा जोर रुंदीच्या घनाने वाढतो. रुंदी दुप्पट तर जोर आठपट. ऐसपैस जंगलजेटी आणि अरुंद होडी यांतला खरा फरक हा. आत पाणी शिरलं की ते कललेल्या बाजूलाच धावतं आणि उरलासुरला तोलही घालवतं. मे २०२४ मध्ये आपल्याच उजनीच्या जलाशयात करमाळा तालुक्यातल्या कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. धरणाचं पाणी शांत असतं हा समज घातक आहे. वळवाच्या दिवसांत आभाळ भरून आलं की छोट्या बोटीत बसूच नये.

खाडी ओलांडताना बोट तिरकी का जाते, असं नवखा हमखास विचारतो. ताशी १० किलोमीटर वेगाची बोट, ताशी ३ किलोमीटरचा आडवा प्रवाह आणि एक किलोमीटर रुंदी धरू. नाक सरळ ठेवलं तर ती पलीकडे ३०० मीटर वाहवत लागेल. म्हणून तांडेल नाक प्रवाहाविरुद्ध साधारण १७ अंश वळवून ठेवतो. भरती-ओहोटीच्या मधल्या तासांत हा ओढा सर्वात जास्त.

या खाडीच्या पाण्याशी आपलं एक दुखरं नातंही आहे. कोयनेचं वीज तयार करून सुटलेलं पाणी वाशिष्ठीतूनच समुद्राला जातं. कृष्णा खोऱ्यातलं पाणी भीमेकडे वळवण्याच्या कृष्णा-भीमा स्थिरीकरण योजनेची वाट पाहणाऱ्या आपल्या जिल्ह्यातल्या माणसाने ते बोटीवरून बघावं, एवढंच. नदीच्या गोड्या पाण्यात मातीचे बारीक कण एकमेकांना दूर ढकलतात. खाऱ्या पाण्यात त्यांच्यावरचा विद्युतभार झाकला जातो, कण चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. खाडीत गाळ साचण्याचं हे मोठं कारण. ओहोटीला बोट त्यात रुतू शकते, मग भरती येईपर्यंत थांबणं आलं.

घरी आल्यावर गाडी धुण्यात आळस नको. सोलापूरच्या कोरड्या हवेत मीठ वाळून निरुपद्रवी होतं, असं वाटेल. पण समुद्री मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं आणि ते हवेत ३३ टक्के आर्द्रता असली तरी ओल ओढून घेतं. गंज चालूच राहतो. गोड्या पाण्याचा फवारा खालून मारावा: चाकांच्या कमानी, सायलेन्सर, स्प्रिंगा, ब्रेकच्या चकत्या. नंतर गाडी हळू चालवत दोन-तीनदा ब्रेक दाबावा, म्हणजे चकत्या कोरड्या होतात.