ई-मेमो (वडोदरा)

ई-मेमो : सिग्नलवरच्या कॅमेऱ्यानं नियमभंग टिपला की गाडी ज्याच्या नावावर आहे त्याला मोबाइलवर किंवा घरच्या पत्त्यावर येणारी दंडाची नोटीस. कायद्याच्या भाषेत हे ई-चलान, पण वडोदऱ्यात आणि तसं गुजरातेत सगळीकडेच मेमो म्हणतात, दांडिया बाजारातल्या मराठी घरांतही "मेमो आला" हेच ऐकू येतं. या नोंदीत फक्त लाल दिव्याचा मेमो घेतलाय, त्यातही चुकून आलेला, आणि तो कसा लढवतात ते. हेल्मेट, सीटबेल्ट, ट्रिपल सवारी हे वेगळे विषय.

व्युत्पत्ती : मेमो हा इंग्रजी मेमोरँडमचा तुकडा, त्यात वाद नाही. ट्रॅफिक पोलीस पूर्वी कार्बन घातलेल्या पुस्तकातून चिठ्ठी फाडून द्यायचे, म्हणून मेमो आजही "फाटतो", फाटायला कागद उरला नाही तरी. वाद आहे तो चलान शब्दाचा. इंदूर-ग्वाल्हेरकडची मराठी माणसं हिंदीसारखं चालान म्हणतात आणि तो तिकडं "कटतो", शिवाय तिथल्या कोर्टात चालान म्हणजे आरोपपत्रसुद्धा, त्यामुळं चालान पेश झालं म्हटलं की पुण्याकडचा पाहुणा उगाच सिग्नल तोडला का विचारतो. एक मत असं की हिंदी चलाना म्हणजे पुढं धाडणं, त्यावरून मालाबरोबर धाडायचा कागद तो चलान, आणि व्यापाऱ्यांचं डिलिव्हरी चलान त्याच अर्थानं अजून जिवंत आहे. दुसरं मत मराठी चलनाशी म्हणजे नाण्याशी सांधा जोडतं, कारण आपण बँकेत "चलन भरतो". हे ऐकायला गोड आहे पण मागाहून जुळवलेलं वाटतं. पहिलं मत जास्त धरण्यासारखं, कारण धाडण्याचा अर्थ मालाच्या कागदाला लागतो आणि मॅजिस्ट्रेटकडं धाडलेल्या आरोपीलाही.

कॅमेरा कुठून आला : बहुतेक ठिकाणी श्रेय नेदरलँड्सच्या मॉरिस गॅट्सोनिडेस यांना दिलं जातं. हे गृहस्थ रॅली ड्रायव्हर, १९५३ ची माँटे कार्लो रॅली जिंकलेले, आणि वेग मोजायचं यंत्र त्यांनी स्वतः वळणावर अजून जोरात कसं जाता येईल हे बघायला बनवलं होतं. १९५८ साली कंपनी काढली, आणि लाल दिव्याचा कॅमेरा साधारण १९६५ च्या सुमाराचा धरतात. त्यात रस्त्यावर आडवी रबरी नळी टाकलेली असायची, लाल असताना चाक नळीवरून गेलं की फोटो. आता नळीचं काम व्हिडिओ आणि नंबरप्लेट वाचणारं सॉफ्टवेअर करतं. गुजरात सरकारच्या विश्वास या सीसीटीव्हीच्या प्रकल्पात (२०२०) जिल्ह्याजिल्ह्यात "नेत्रम" नावाची कंट्रोल रूम झाली, वडोदऱ्याचं फुटेज त्या साखळीत जातं.

पिवळ्या दिव्याचा हिशोब : चुकीच्या मेमोचं मूळ बरेचदा लाल दिव्यात नसतं, पिवळ्यात असतं. पिवळा किती सेकंद ठेवायचा याचं गणित गाझिस, हर्मन आणि मॅराड्युडिन या तिघांनी १९६० मध्ये मांडलं : ड्रायव्हरला कळायला लागणारा वेळ (साधारण १ सेकंद), अधिक वेग भागिले ब्रेक लावण्याच्या दराची दुप्पट. दर ३ मीटर प्रति सेकंद वर्ग धरला तर ताशी ५० किमीला सुमारे ३.३ सेकंद येतात, ताशी ३० किमीला २.४. म्हणजे ५० नी येणाऱ्याला ३ सेकंदांचाच पिवळा दिला तर रस्त्याचा एक छोटा पट्टा असा उरतो की तिथला माणूस ना थांबू शकतो ना लाल व्हायच्या आत पुढं जाऊ शकतो. याला द्विधा पट्टा म्हणावं. (रावपुऱ्यात ५० नी गाडी चालवणारा अजून जन्माला यायचाय, पण जुन्या पादरा रोडवर रात्री हा हिशोब लागू पडतो.) अमेरिकेत शिकागोत २०१४ साली पिवळा ३ सेकंदांपेक्षा किंचित कमी असताना सुमारे ७७,००० तिकिटं (म्हणजे आपले मेमो) फाडली गेल्याचं शहराचा कारभार तपासणाऱ्या तिथल्याच महानिरीक्षकानं काढलं होतं. ओरेगनमध्ये मॅट्स यार्लस्ट्रॉम यांच्या बायकोला २०१३ मध्ये असं तिकीट आलं, त्यांनी बसून सूत्रच तपासलं आणि म्हटलं की वळणाऱ्या गाडीला हे पुरत नाही, तर लायसन्सशिवाय इंजिनीअरिंग केलं म्हणून राज्याच्या मंडळानं त्यांनाच ५०० डॉलर दंड लावला. २०१८ च्या डिसेंबरात फेडरल कोर्टात ते जिंकले. आपल्याकडं मेमोविरुद्ध पिवळ्याचा मुद्दा क्वचितच कोणी काढतं, खरंतर मोबाइलवर सिग्नलचा व्हिडिओ काढून सेकंद मोजायला दोन मिनिटं पुरतात.

कायदा : मोटार वाहन कायद्याचं कलम १३६ए (२०१९ ची दुरुस्ती) आणि केंद्रीय नियम १६७ए (ऑगस्ट २०२१) हा सगळ्याचा पाया. नियमानुसार कॅमेऱ्याला मंजुरीचं सर्टिफिकेट लागतं आणि ते दर वर्षी नवं करावं लागतं, "इथं कॅमेरा आहे" असा बोर्ड ठळक लावावा लागतो, मेमोत गुन्हा आणि नंबरप्लेट दोन्ही स्पष्ट दिसणारा फोटो, तारीख, वेळ, जागा, मोडलेलं कलम आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं सर्टिफिकेट हवं, आणि नोटीस १५ दिवसांत पाठवायला हवी. या १५ दिवसांबद्दल वकिलांत दोन तट आहेत. एक म्हणतो मुदत गेली की मेमो मेला, दुसरा म्हणतो ही प्रशासनाला दिलेली सूचना, उशिरानं गुन्हा पुसला जात नाही. नुसत्या उशिरावर विसंबू नये असा प्रस्तुत लेखकाचा कल, दुसरा काही दोष असेल तर उशीर त्याला जोड म्हणून चांगला.

कलम कोणतं लावलंय तेही बघावं. सिग्नल तोडणं २०१९ पासून कलम १८४ मध्ये म्हणजे धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये नाव घेऊन घातलंय, तिथं पहिल्या वेळी दंड १,००० ते ५,००० रुपये आणि वर कैदेचीही तरतूद. साधं १७७ लावलं तर पहिल्यांदा ५०० पर्यंत. नुसत्या दंडाच्या गुन्ह्याची दखल कोर्टानं सहा महिन्यांत घ्यायची असते, वर्षभरापर्यंत कैद असलेल्याची वर्षात (नागरिक सुरक्षा संहिता, कलम ५१४), त्यामुळं जुन्या मेमोंना हा आकडा महत्त्वाचा.

आणि मोटार वाहन कायद्याचंच कलम ११९. ड्रायव्हरनं सिग्नलचं ऐकावं आणि वाहतूक सांभाळणाऱ्या पोलिसाचंही, दोन्ही एकाच वाक्यात. गणपतीच्या दिवसांत चौकातला पोलीस लाल असताना हातानं "चला चला" करतो, कॅमेऱ्याला दिवा दिसतो, हात दिसत नाही.

दुसरा फोटो : लाल दिव्याचा पुरावा नीट घ्यायचा तर दोन फ्रेम लागतात, एक गाडी स्टॉपलाइनच्या अलीकडं असताना दिवा लाल, दुसरी गाडी चौकात. एकाच फ्रेमवरून गाडी तोडून गेली की नुसती पुढं सरकून थांबली हे कळत नाही. प्रस्तुत लेखकाच्या काकांचा मेमो बघण्यासारखा आहे. पांढरी ॲक्टिव्हा, पुढचं चाक झेब्राच्या दुसऱ्या पट्ट्यावर, दिवा लाल, सगळं खरं. पण फोटोच्या उजव्या कडेला एका गाडीचं फक्त नाक दिसतं आणि त्यावर लाल पट्टी, ती ॲम्ब्युलन्स, तिला वाट द्यायला काका चार फूट सरकले. (वाट दिली नसती तर कलम १९४ई, १०,००० रुपये.) ट्रॅफिक शाखेच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, "काका, भरी दो ने, कोर्टना धक्का कोण खाशे?" (भरून टाका ना, कोर्टाचे हेलपाटे कोण घालणार?) काकांनी भरले नाहीत, लेखी अर्ज देऊन पुढची फ्रेम मागितली. तिसऱ्या खेपेला ती निघाली : ॲम्ब्युलन्स गेलेली, ॲक्टिव्हा त्याच दुसऱ्या पट्ट्यावर. मेमो रद्द.

लढवायची रीत : आधी परिवहनच्या ई-चलान पोर्टलवर तक्रार किंवा ट्रॅफिक शाखेत अर्ज, सोबत आरसी बुक, लायसन्स, मेमोची प्रिंट. न भरलेला मेमो पुढं व्हर्च्युअल म्हणजे ऑनलाइन चालणाऱ्या कोर्टात जातो, तिथं दोनच वाटा, दंड भरतो किंवा केस लढवतो. भरला की गुन्हा कबूल. लढवतो म्हटलं की केस नेहमीच्या कोर्टाकडं, म्हणजे आता दिवाळीपुऱ्याच्या नव्या इमारतीत, न्यायमंदिर ही जुनी कोर्टाची इमारत कधीच सुटली. लोकअदालतीत प्रकरण झटपट मिटतं म्हणून लोक तिकडं धावतात, पण ती तडजोडीची जागा, निर्दोष ठरायची नव्हे, आणि तिच्या निवाड्यावर अपील नाही. ज्याची खरंच चूक नाही त्यानं तिथं जाऊ नये असं आमचं मत.

व्हॉट्सॲपवर मेमो म्हणून एपीके (मोबाइलवर ॲप बसवणारी) फाइल आली तर उघडू नये, ती चोरांची असते.

विकलेल्या गाडीचे मेमो जुन्या मालकालाच येत राहतात, कारण कॅमेऱ्याला जीजे-०६ च्या पुढचा नंबर कळतो, सौदा कळत नाही. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं (कलम ५०, फॉर्म २९). कळवलं नसेल तर कलम १३३ खाली त्या वेळी गाडी कोण चालवत होतं ते सांगायची जबाबदारीही कागदावरच्या मालकाचीच.