तीन पाहुण्या, छत्तीस नाती

चोर्ला घाटापलीकडच्या एका अंडी-फार्मवरून मार्चमध्ये तीन पांढऱ्या कोंबड्या गोव्यात आमच्या डिचोलीच्या परसात आल्या. फार्मच्या हिशेबी त्या 'संपलेल्या' होत्या. दीड वर्षाच्या सुमारास अंडी कमी झाली की पिंजरे रिकामे करतात आणि माल खाटकाकडे जातो. पाठीवरची पिसं झडलेली, तुरे फिके आणि एका अंगाला लोंबणारे, वरची चोच छाटलेली. परसात आधीच्या सहा गावठी कोंबड्या होत्याच. कोंबडा मी मोजत नाही, कारण नरांची उतरंड निराळी असते.

"रात्री गुपचूप खुराड्यात नेऊन ठेव. सकाळी कोणाला पत्तासुद्धा लागणार नाही," शेजारच्या काकींनी सांगितलं. हा सल्ला गावोगाव मिळतो आणि तो अर्धा खरा आहे. कोंबडीच्या डोळ्यात अंधुक उजेडात काम करणाऱ्या पेशी कमी असतात. तिन्हीसांजेला तिला नीट दिसेनासं होतं, म्हणून ती दिवेलागणीआधीच खुराडं गाठते. रात्री ठेवलेल्या पाहुणीवर कोणी झेपावत नाही ते एवढ्याचसाठी. पण उजाडल्यावर तोच डोळा भारी पडतो. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, तिच्या डोळ्यात चार, त्यामुळे आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाशही तिला काही प्रमाणात दिसतो. ती सोबतिणींना मुख्यतः डोक्यावरून आणि तुऱ्यावरून ओळखते. तुऱ्याचं रूप बदललं तर ओळखीच्या कोंबडीवरही कळप तुटून पडतो, हे प्रयोगांत दिसलं आहे. मग तीन परक्या चेहऱ्यांचा पत्ता लागणार नाही, हे कसं व्हावं?

कोंबड्यांमध्ये टोचण्याचा क्रम ठरलेला असतो, हे शास्त्रीय पद्धतीने प्रथम मांडलं ते नॉर्वेच्या थोर्लेइफ श्येल्डेरुप-एब्बे यांनी. त्यांचा जर्मन निबंध १९२२ साली छापला गेला. पहिली कोंबडी सगळ्यांना टोचते, दुसरी पहिलीला सोडून बाकीच्यांना, असं खालपर्यंत. नेहमीच मात्र ही सरळ शिडी नसते. क ही ख ला टोचते, ख ही ग ला, आणि ग उलटून क ला, असे त्रिकोणही त्यांनी नोंदवले होते. म्हणजे कोंबडी आपला 'नंबर' लक्षात ठेवत नाही. कोणासमोर मान खाली घालायची आणि कोणावर गुरगुरायचं, हे ती एकेका जोडीपुरतं लक्षात ठेवते.

आता गणित करा. सहा कोंबड्यांत १५ जोड्या होतात. तीन वाढल्या की नऊ कोंबड्यांत ३६. म्हणजे २१ नाती नव्याने ठरवायची, आणि बरीचशी ठरतात ती चोचीनेच. आमच्या तिघी वेगवेगळ्या पिंजऱ्यांतल्या, त्यामुळे त्यांचं आपसातलंही ठरायचं होतं. एकटी कोंबडी आणली तर हिशेब सोपा दिसतो, पण मग सगळा मार तिच्या एकटीच्या वाट्याला येतो. म्हणून दोन-तीन मिळून आणणं बरं. ही स्मृती विटतेही. खुडूक कोंबडीला अंड्यांवर दूर बसवली आणि पिल्लं निघून ती परत आली, की तिलाही पुन्हा भांडावं लागतं, हे कोंबड्या पाळणाऱ्या कुठल्याही घरात पाहायला मिळेल.

तरीही भांडण ही पुढची पायरी. आधी तीन ते चार आठवडे पाहुण्यांना दूर ठेवायचं, खाण्यापिण्याची भांडी वेगळी, आणि त्यांच्याकडे जायचं ते आपल्या कोंबड्यांचं आटोपल्यावर. मानमोडीसारखा रोग असेल तर तो या मुदतीत बहुधा डोकं वर काढतो. पंखांखालच्या उवांवर औषध दोनदा लागतं, कारण पहिल्या खेपेत लिखा मरत नाहीत. पटापट कोंबड्या मरू लागल्या तर मात्र घरगुती उपाय करत न बसता सरकारी पशुवैद्याला कळवायचं. २००६ साली नंदुरबारच्या नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हापासून हे सांगावं लागतं.

रोग उलट दिशेनेही जातो, आणि याकडे माझंही आधी लक्ष नव्हतं. पिंजऱ्याची जमीन तारेची. विष्ठा खाली पडते, पाय मातीला लागत नाहीत. त्यामुळे रक्ती हगवणीच्या जंतूंशी या कोंबड्यांची फारशी गाठ पडलेली नसते आणि प्रतिकारशक्तीही तयार होत नाही. गावठी कोंबडी लहानपणापासून थोडेथोडे जंतू पचवून निर्ढावते आणि परसभर ते टाकत हिंडते. या जंतूंना ऊब आणि ओल लागते. गोव्याच्या जून-जुलैत दोन्हीला तोटा नसतो. म्हणून पाहुण्या आणायच्या तर पावसाआधीच, कोरड्या मातीत.

त्यानंतर जाळी. परसाचा एक कोपरा जाळीने तोडला आणि तिघींना आत ठेवलं. एकमेकींना दिसायचं, पण चोच पोचायची नाही. पहिले दोन दिवस आमची तांबडी कोंबडी मानेची पिसं फुलवून जाळीवर धडका देत होती. दहाव्या दिवशी ती जाळीला पाठ लावून झोपली, तेव्हा मी दार उघडलं. मारामारी झालीच, पण एकेक मिनिटाची. अन्नाची भांडी तीन ठिकाणी होती आणि मध्ये केळी, झावळ्यांचा ढीग, जुनं डालं असा आडोसा होता. हरलेलीला नजरेआड होता आलं, की जिंकलेली पाठलाग सोडते. उघड्या अंगणात ती सोय नसते, म्हणून तिथे रक्त निघतं, आणि लाल डाग दिसला की बाकीच्याही तिथेच टोचतात.

माझी खरी धास्ती हाडांची होती. एका अंड्याच्या कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असतं आणि कोंबडीच्या अख्ख्या सांगाड्यात २० ग्रॅमच्या आसपास. रानकोंबडी वर्षाला फार तर पंधराएक अंडी घालते, फार्मवरची तीनशे. खाद्यातून कमी पडलं की कवच हाडातून वसूल होतं. पिंजऱ्यात हालचाल नसल्याने हाड आणखी पोकळ होतं. २०२३ च्या केंद्रीय नियमांत एका कोंबडीला किमान ५५० चौरस सेंटिमीटर जागा सांगितली आहे, आणि ए-फोर कागदच ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो! अशी कोंबडी उंच दांडीवरून पडली तर छातीचं हाड मोडतं. आम्ही दांडी जमिनीपासून वीतभर ठेवली. कॅल्शियमसाठी तिसऱ्यांची, म्हणजे आपण खातो त्या शिंपल्यांची, कवचं उकळून, वाळवून, कुटून भांड्यात ठेवली. खाद्य खोलगट भांड्यात, कारण छाटलेल्या चोचीने फरशीवरचा दाणा नीट उचलता येत नाही.

पाहुण्यांचे पाय मात्र पिवळेधमक. कातडीच्या या पिवळेपणाचं जनुक तांबड्या रानकोंबड्यापासून आलेलं नाही. ते राखी रानकोंबड्याकडून आल्याचं २००८ साली जनुकीय अभ्यासातून कळलं. हा पक्षी आपल्या सह्याद्रीतला, गोव्यातल्या मोलेच्या जंगलात पहाटे आरवतो तोच. तिघी घाट उतरून आजोळी आल्या, असं मी काकींना सांगितलं. त्यांना ते पटलं नाही.

मातीत लोळायला कोणी शिकवलं नव्हतं. तारेच्या जमिनीवरही कोंबड्या हवेतच धुळीची अंघोळ करतात, तेच अंग झटकणं, पण धुळीविना. दार उघडल्यावर चौथ्या दिवशी एकीने माडाच्या मुळाशी खड्डा उकरला आणि पंखात माती भरून घेत ती आडवी पडली. तांबडी आली, एक चोच मारली आणि शेजारी स्वतःचा खड्डा उकरू लागली. आता तिघींचे तुरे लाल आहेत. सगळ्यात खालची अजून शेवटी जेवते, म्हणून चौथं भांडं केळीच्या मागे असतं.