सतनाम सिंग एनबीएत खेळला होता का?

'एनबीएत खेळलेला पहिला भारतीय' म्हणून सतनाम सिंग भमाराचं नाव दरवर्षी फिरतं. तो एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बास्केटबॉल लीगचा, एकही सामना खेळलेला नाही.

गोंधळ 'ड्राफ्ट' या शब्दाचा आहे. ड्राफ्ट म्हणजे एनबीएचे संघ दरवर्षी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात ती प्रक्रिया. पंजाबच्या बल्लो के गावच्या या सात फूट दोन इंची सेंटरला (बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूला) 25 जून 2015 रोजी डॅलस मॅव्हरिक्स या एनबीए संघाने 60 पैकी 52 व्या क्रमांकावर निवडलं. ड्राफ्टमधून निवडला गेलेला तो पहिला भारतीय, हे मात्र शंभर टक्के खरं. पण निवड म्हणजे करार नव्हे. त्या खेळाडूशी बोलणी करण्याचा हक्क तेवढा संघाला मिळतो. पहिल्या फेरीतल्यांना, म्हणजे पहिल्या 30 जणांना, ठरलेल्या श्रेणीनुसार हमीचा पगार मिळतो. 31 ते 60 क्रमांकांना अशी हमी नसते, आणि मुख्य संघात जागा पंधराच. सतनाम समर लीग (नव्या खेळाडूंना आजमावणारी उन्हाळी स्पर्धा) खेळला, मग मॅव्हरिक्सशी संलग्न टेक्सस लेजंड्सकडून डी-लीगमध्ये, म्हणजे एनबीएच्या खालच्या स्तरावरच्या लीगमध्ये. तिथेही बराचसा वेळ बाकावरच गेला.

त्याआधीच, एप्रिल 2015 मध्ये, सिम भुल्लर एनबीएमधल्या सॅक्रामेंटो किंग्जकडून दहा दिवसांच्या करारावर मैदानात उतरला होता. तो भारतीय वंशाचा, पण कॅनडाचा. बातम्यांत दोघांची सरमिसळ झाली ती झालीच.