उभी गाडी थरथरते, तेव्हा आधी ठोके मोजा

रेल्वे फाटक बंद आहे, गाडी न्यूट्रलमध्ये उभी आहे आणि स्टीअरिंग, आरसा, सीट सगळेच थरथरते आहे. फाटक उघडून गाडी निघाली की सगळे शांत. अशा गाडीवर गॅरेजमध्ये बहुधा एकच क्रम चालतो: आधी प्लग बदला, मग कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी), मग फाउंडेशन (इंजिन ज्यावर टेकते ते रबर), आणि तरीही थरथर राहिली तर ‘आता हेड (इंजिनाचा वरचा भाग) खोलावे लागेल’. खरे तर सेकंदाला किती ठोके बसतात एवढे पाहिले, तरी निम्मी कारणे पाना हातात घेण्याआधीच गळून पडतात.

एक गोष्ट आधीच बाजूला काढू. पावसाळ्यात पांदण रस्त्याने निघालेली गाडी डांबरीवर सत्तरच्या वेगाला हादरते, तो काळ्या चिकट मातीचा प्रताप. रिमच्या आतल्या बाजूला माती थापली जाते, वाळते आणि चाकाचा तोल बिघडवते. चाके आतून धुतली की ती थरथर जाते. गाडी जागेवर उभी असताना चाक फिरतच नाही, त्यामुळे उभ्या गाडीच्या थरथरीत चाकाचा, टायरचा, अलाइनमेंटचा काही संबंध नसतो.

आता इंजिन रिकामे फिरतानाच का थरथरते ते पाहू. ओलिताच्या जुन्या एका सिलिंडरच्या डिझेल इंजिनाला दोन्ही बाजूंना वजनदार चाके असतात. एका स्फोटाची ताकद साठवून पुढच्या स्फोटापर्यंत इंजिन फिरवत ठेवणे हे त्यांचे काम. कारचे फ्लायव्हील तेच काम करते, पण साठणारी ऊर्जा फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात असते. मिनिटाला ३००० फेऱ्यांवर जेवढी ऊर्जा फ्लायव्हीलमध्ये असते, तिचा फक्त सोळावा भाग ७५० फेऱ्यांवर उरतो. त्यामुळे प्रत्येक स्फोटाला इंजिनाचा वेग किंचित उसळतो आणि स्फोटांच्या मध्ये पडतो. एखादा स्फोट चुकला तर तो पडलेला वेग सांभाळायला शिल्लकच नसते. चालत्या गाडीत तोच चुकलेला स्फोट पुष्कळदा कळतही नाही.

चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. ७५० फेऱ्यांवर चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला २५ स्फोट होतात, तीन सिलिंडरच्या इंजिनात १९ च्या आसपास. एकच सिलिंडर आजारी असेल तर त्याची पाळी सेकंदाला साधारण ६ वेळा येते, मग सिलिंडर तीन असोत की चार. ६ आणि २५ यांतला फरक हाताला कळतो. ६ चा ठोका म्हणजे धक् धक् असा संथ, जवळजवळ मोजता येणारा हेलकावा. बॉनेट उघडले तर इंजिन बाजूला डोलताना दिसते. २०-२५ चा ठोका म्हणजे बारीक गुणगुण, दाराच्या काचा आणि डॅशबोर्ड वाजवणारी.

हाताचा भरवसा नसेल तर मोबाइल वापरा. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात तयार झालेले फायफॉक्स हे मोफत ॲप मोबाइलमधला हालचाल मोजणारा सेन्सर वापरते. त्यात त्वरणाचा वर्णपट दाखवणारा प्रयोग आहे. फोन सीटखालच्या लोखंडी रुळावर घट्ट धरून ठेवायचा. गादीवर ठेवला तर बारीक ठोके गादीच खाऊन टाकते. आलेखातला सर्वांत उंच सुळका ६ जवळ आहे की १९-२५ जवळ, एवढेच बघायचे. ६ जवळ म्हणजे एखादा सिलिंडर आजारी; १९-२५ जवळ म्हणजे सगळे सिलिंडर पेटत आहेत, पण त्यांची थरथर गाडीच्या पत्र्यात उतरते आहे. फेऱ्या वेगळ्या असतील तर हिशेब सोपा: मिनिटाच्या फेऱ्या भागिले १२० म्हणजे एका सिलिंडरचा ठोका.

काही गाड्या मुळातच हलतात. तीन सिलिंडरच्या इंजिनात पहिला आणि तिसरा पिस्टन इंजिनाला पुढे-मागे डोलवतात; ७५० फेऱ्यांवर त्याचा सुळका १२.५ ला दिसतो आणि तो थोडाफार असणारच. ८०० सीसीची अल्टो किंवा जुना दोन सिलिंडरचा डिझेल ‘छोटा हत्ती’ चार सिलिंडरच्या गाडीसारखा कधीच गुळगुळीत चालणार नाही. पूर्वीपेक्षा थरथर वाढली का, हा खरा प्रश्न.

इंजिन पुरते गरम करा आणि आरपीएमचा काटा पहा. बहुतेक गाड्यांत तो ७०० ते ८५० मध्ये स्थिर हवा. मग एसी चालू करा, हेडलाइट लावा, स्टीअरिंग पूर्ण वळवा. फक्त एसीवरच हादरत असेल तर प्लगकडे जाण्याआधी एसीचा पंखा आणि रेडिएटरपुढची कंडेन्सरची जाळी बघा. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या परिसरात फिरणाऱ्या गाडीच्या जाळीत रुई आणि धूळ गच्च बसते. मग पंचेचाळीस अंशांच्या उन्हात गॅसचा दाब चढतो आणि कॉम्प्रेसर इंजिनावर जास्त ओझे टाकतो. क्लच दाबल्यावर थरथर बदलली तर संशय क्लच प्लेट किंवा फ्लायव्हीलवर. ‘स्लो’ (रिकाम्या इंजिनाच्या फेऱ्या) वाढवून दिला की थरथर गेली, असे म्हणणारा मिस्त्री दोष झाकतो आहे. दोष तिथेच राहतो आणि पेट्रोल जास्त जळते.

आता संथ ठोका, म्हणजे ‘मिसिंग’: एखाद्या सिलिंडरचा स्फोट चुकणे. चेक लाइट लागली असेल तर साध्या ब्लूटूथ स्कॅनरवर कोड दिसतो: पी ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी ०३०२ दुसरा, आणि पी ०३०० म्हणजे ठरावीक एक नाही. लाइट लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या आधीच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि त्यातली चिनी मातीची जाळी वितळू शकते.

स्कॅनर नसेल तर इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरचे (इंधन फवारणाऱ्या भागाचे) कनेक्टर काही सेकंद काढायचे. चांगल्या सिलिंडरचे काढले की इंजिन लगेच आणखी गचके खाते. ज्याचे काढून काहीच फरक पडत नाही तो सिलिंडर आधीच मेलेला. फरक पहिल्या दोन-तीन सेकंदांतच बघावा, कारण ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) लगेच फेऱ्या सावरून घेतो. जुन्या सवयीने चालू इंजिनात प्लगची वायर उपसू नये. झटका बसतो, कॉइल जाते आणि पेट्रोल न जळता पुढे जाते.

आजारी सिलिंडर सापडला की लगेच काही विकत आणू नका. त्याची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावा. मिसिंग कॉइलबरोबर सरकले तर कॉइल खराब. नाही सरकले तर प्लगची अदलाबदल करा, मग शक्य असल्यास इंजेक्टरची. या पद्धतीला पैसा लागत नाही, थोडा धीर लागतो. प्लग काढला की वाचायचाही असतो: कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट काळा म्हणजे ऑइल वर येते आहे, पांढऱ्या चिनी मातीवर काळी नागमोडी रेघ म्हणजे ठिणगी बाहेरून पळते आहे. फट बहुधा ०.८ ते १.१ मिलिमीटर असते, पण आकडा गाडीच्या पुस्तकातलाच घ्यावा. नवा वॉशरवाला प्लग हाताने टेकेपर्यंत फिरवून वर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. ॲल्युमिनियमच्या हेडात जोर केला की आटे जातात.

चिखलाच्या दिवसांत प्रेशर पंपाने इंजिन धुतल्यावर मिसिंग सुरू झाले असेल, तर प्लगच्या खड्ड्यात पाणी साचले आहे. कॉइल काढून हवेच्या नळीने खड्डा कोरडा करा, मगच प्लग सैल करा, नाहीतर पाणी आणि माती थेट सिलिंडरमध्ये जाते. आणि ज्या घरी कापूस, सोयाबीन साठवले आहे त्या घरी गाडी कोठ्याजवळ उभी राहत असेल, तर टॉर्च घेऊन वायरिंग बोटभर अंतरा-अंतराने तपासाच. उंदीर इंजेक्टरची वायर कुरतडतो आणि हवेची रबरी नळीही.

ती रबरी नळी हा स्वतंत्र विषय आहे. रिकाम्या फिरत्या इंजिनात हवा आत सोडणारी थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते आणि मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला) दाब बाहेरच्या हवेच्या साधारण एक तृतीयांश असतो. तिथे एक छोटे भोकही एकूण हवेचा मोठा हिस्सा चोरून आत घेते. रेस दिली की तेवढीच हवा नगण्य होते. म्हणून अशी गळती उभ्या गाडीतच जाणवते. हवा मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत ही हवा मोजली जात नाही, मिश्रण पातळ होते आणि स्कॅनरवर इंधन दुरुस्तीचा (फ्युएल ट्रिम) आकडा अधिक १० टक्क्यांच्या वर जातो. २५०० फेऱ्यांवर तो पुन्हा खाली येतो. मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या गाड्यांत मात्र मिश्रण फारसे बिघडत नाही, उलट स्लो चढतो. शोधायला फवाऱ्याच्या बाटलीतले साधे पाणी पुरते: नळ्या आणि मॅनिफोल्डच्या सांध्यांवर बारीक फवारा, वायरिंगपासून दूर. आवाज बदलला ती जागा. गरम इंजिनावर कार्ब क्लीनर फवारणे म्हणजे आगीला बोलावणे.

याच कारणाने एअर फिल्टरवर उगाच आळ येतो. झडपच जवळजवळ बंद असताना फिल्टर थोडा चोंदला काय आणि नाही काय. त्याचा फटका चढावर, भरल्या गाडीत बसतो. फिल्टर नीट न बसल्याने आत गेलेली धूळ मात्र तेलाच्या वाफेबरोबर थ्रॉटलच्या कडेला काळी रिंग धरते आणि स्लो डळमळतो. चावी काढून, थ्रॉटल क्लीनर कापडावर घेऊन ती रिंग पुसायची. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप बोटाने ढकलू नये.

पेट्रोलही पाहून घ्या. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये पाणी मर्यादेबाहेर गेले की इथेनॉल आणि पाण्याचा थर तळाशी उतरतो, आणि पंप तळातूनच ओढतो. महिनाभर पावसात उभी राहिलेली किंवा बाटलीतले पेट्रोल घातलेली गाडी अचानक अडखळू लागली तर टाकीच्या तळातले पेट्रोल पारदर्शक बाटलीत तासभर ठेवा. दोन थर दिसले की टाकी रिकामी करणे आलेच.

डिझेल गाडीत प्लग-कॉइल नसल्याने संशय नोझलवर. कॉमन रेल इंजिनात प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला सारख्या बाटल्या लावून काही मिनिटे इंजिन चालवा. एक बाटली इतरांच्या दुप्पट भरली तर तो इंजेक्टर आतून गळतो. नवा बसवल्यावर बहुतेक गाड्यांत त्यावर कोरलेला कोड स्कॅनरने ईसीयूत भरावा लागतो, हे ऐनवेळी विसरले जाते. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीत मिस्त्री चालू इंजिनात नोझलचा नट सैल करून सिलिंडर शोधत. कॉमन रेलमध्ये ती सवय जिवावर बेतू शकते: रिकाम्या इंजिनातही शेकडो बारचा दाब असतो आणि केसाएवढी धार कातडी भेदून आत जाते.

ठिणगी, इंधन, हवा सगळे ठीक आणि तरी तोच सिलिंडर मेलेला, तर कॉम्प्रेशन मोजा. गरम इंजिन, सगळे प्लग बाहेर, इंजेक्टर आणि कॉइलची कनेक्टर काढलेली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी दमदार. पेट्रोल इंजिनात १६० ते १९० पीएसआयच्या आसपास येते. एखादा सिलिंडर इतरांपेक्षा १५ टक्क्यांहून खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंग, जागचा हलला नाही तर बहुधा व्हॉल्व्ह. गॅस किटवर बरीच वर्षे चाललेल्या गाडीत व्हॉल्व्ह सीट झिजून टॅपेटची (व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या भागामधली) फट संपते, व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही; आधी फट तपासा, हेड नंतर.

बारीक गुणगुणीचे काम सहसा स्वस्तात आटोपते. गाडी उंच करून सायलेन्सर कुठे चेसिसला टेकला आहे का ते आधी पहा. पांदणीतला एक दगड पाइप वर ढकलतो, रबरी हँगर तुटतो आणि इंजिनाची सगळी थरथर थेट पत्र्यात उतरते. मग फाउंडेशन. इंजिनाच्या ऑइल पॅनखाली जॅक थेट लावू नका, मध्ये लाकडाचा ठोकळा ठेवा, इंजिन अलगद उचला आणि रबर धातूपासून सुटले आहे का, आतले तेल गळले आहे का ते पहा. नवे फाउंडेशन बसवल्यावर सगळे बोल्ट एकदम आवळू नयेत. ते अर्धवट ठेवून इंजिन मिनिटभर न्यूट्रलमध्ये चालवायचे, म्हणजे रबर आपल्या जागी पिळाशिवाय बसते. मग इंजिन बंद करून बोल्ट आवळायचे. पिळलेले नवे रबर जुन्याइतकीच थरथर आत पाठवते.