डायलवरचे १८० आणि रेसिपीतले ३५०

डिसेंबर उजाडला की केकच्या रेसिपी फोनवरून फिरू लागतात आणि त्यांच्या मागोमाग एक तक्ताही येतो. ३५० फॅरनहाइट म्हणजे १८० सेल्सियस, एक कप म्हणजे २५० ग्रॅम, एक टेबलस्पून म्हणजे १५ मिली. लोक तो छापून फ्रिजवर चिकटवतात. त्यातला तापमानाचा भाग जवळपास बरोबर असतो, ग्रॅमचा भाग साफ चुकीचा असतो, आणि दोन्ही मिळून असा समज करून देतात की आकडा बदलून घेतला की रेसिपी आपल्या स्वयंपाकघरात आली. मग केक वरून करपतो, मधे कच्चा राहतो आणि खापर बेकिंग पावडरवर किंवा हाताच्या गुणावर फुटतं. खरं कारण भौतिकशास्त्रात आहे आणि ते फार सुंदर आहे.

आधी कपाचं उरकून घेऊ. अमेरिकन रेसिपीतला कप २३७ मिलीचा, ऑस्ट्रेलियातला २५० चा आणि जपानमधला २०० चा. टेबलस्पून बहुतेक ठिकाणी १५ मिली, पण ऑस्ट्रेलियात २०. पाइंट ब्रिटनमध्ये ५६८ मिली आणि अमेरिकेत ४७३. म्हणजे रेसिपी कोणत्या देशातली हे आधी पाहायचं. एवढं झाल्यावरही कपाचे ग्रॅम करताना एकच आकडा चालत नाही, कारण एक मिली म्हणजे एक ग्रॅम हा हिशेब पाण्यापुरताच खरा. अमेरिकन कपभर साखर साधारण २०० ग्रॅम भरते, लोणी २२७, मध ३४० आणि मैदा अवघा १२० ग्रॅम. फ्रिजवरच्या तक्त्याप्रमाणे कपाला २५० ग्रॅम मैदा घातलात तर तो दुपटीहून जास्त झाला. त्या केकला कुठलीही बेकिंग पावडर वाचवू शकत नाही.

आपल्या जुन्या मापांत हा घोटाळा होत नसे. वजनी शेर वेगळा, तो ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा. आणि मापी शेर वेगळा. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे एक पायली, हा सगळा हिशेब मापाचा. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर पोहे वजनाला सारखे भरतील असं कुणी धरून चालत नसे, आणि मापटं शिगोशीग भरायचं की सपाट हेही बोलून घेतलं जाई.

मैद्याचं तर त्याहून अवघड. चाळलेला मैदा चमच्याने हलकेच कपात सोडला तर १२० ग्रॅम बसतो. तोच कप डब्यात खुपसून भरला तर १५० ग्रॅमपर्यंत जातो. कप तोच, मैदा पाव पटीने जास्त. मैद्याच्या कणाची स्वतःची घनता मिलीला दीड ग्रॅमच्या आसपास असते. त्या हिशेबाने १२० ग्रॅम मैद्याने कपातली फक्त ८० मिली जागा व्यापली. उरलेली दोनतृतीयांश जागा हवेची. रवा किंवा साखर असं का करत नाही? कण लहान होत गेला की त्याचं वजन आकाराच्या घनाने घटतं, पण शेजारच्या कणाला चिकटून राहण्याचं बल साधारण आकाराच्या प्रमाणातच घटतं. मैद्याच्या बारीक कणावर त्यामुळे चिकटण्याची सत्ता चालते. कण एकमेकांना धरून पोकळ्या करून बसतात, आणि किती पोकळ्या राहतील हे तुम्ही कप कसा भरला यावर ठरतं. रव्याचे आणि साखरेचे दाणे जड असल्याने घरंगळून आपापल्या जागी बसतात, म्हणून ते वाटीने मोजले तरी चालतात. मैदा, बेसन, कोको पावडर मात्र काट्यावरच मोजावी. बोस्टनच्या पाकशाळेतल्या फॅनी फार्मर यांनी १८९६ च्या सुमारास कप सुरीने सपाट करून मोजण्याचा धडा अमेरिकेला घालून दिला, पण सुरी फक्त वरचा ढीग कापते. आतल्या हवेवर तिचा इलाज नाही.

आता तापमान. गणित शाळेतलंच: फॅरनहाइटमधून ३२ वजा करा, ५ ने गुणा, ९ ने भागा. ३५० चे १७६.७ होतात, ते आपण १८० धरतो. ३२५ चे १६३, ३७५ चे १९१, ४०० चे २०४. ब्रिटिश रेसिपीत 'गॅस मार्क ४' असं लिहिलेलं असेल तर तेही ३५० फॅरनहाइटच, आणि पुढचा प्रत्येक मार्क २५ फॅरनहाइटने वर. यात एक जागा भल्याभल्यांना फसवते. रेसिपीत लिहिलेलं असतं, 'काळ्या टिनमध्ये करत असाल तर २५ अंश फॅरनहाइटने कमी ठेवा.' फोनला २५ फॅरनहाइटचे सेल्सियस विचारले तर तो उणे ३.९ सांगतो आणि माणूस चक्रावतो. इथे २५ हे तापमान नसून फरक आहे. फरकातून ३२ वजा करायचे नसतात. नुसते ५ ने गुणून ९ ने भागायचं. उत्तर १४ सेल्सियस.

इथवर सगळं अंकगणित होतं. खरी मजा पुढे आहे. रेसिपीतले १८० अंश हे ओव्हनमधल्या हवेचं तापमान, आणि केक काही एकट्या हवेने भाजला जात नाही. त्याच्यापर्यंत उष्णता तीन वाटांनी येते. भांड्याच्या तळातून वहनाने, भोवतीच्या हवेच्या अभिसरणाने आणि भिंतींच्या व रॉडच्या प्रारणाने. शेकोटीसमोर बसलं की तोंड भाजून निघतं आणि पाठ गार राहते, तेव्हा दोन्हीकडची हवा जवळपास तितकीच गार असते. तोंड भाजतं ते प्रारणाने.

हे प्रारण किती, याचा नियम योझेफ स्टेफान यांनी १८७९ मध्ये प्रयोगांच्या आकड्यांवरून मांडला आणि लुडविग बोल्ट्झमन यांनी १८८४ मध्ये तो सिद्धांतातून काढून दाखवला. तापलेली वस्तू दर चौरस मीटरला जी ऊर्जा बाहेर टाकते ती तिच्या निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. निरपेक्ष तापमान म्हणजे सेल्सियसमध्ये २७३ मिळवून येणारे केल्विन. चौथा घात म्हणजे काय हे ओव्हनच्या काचेतून बघता येतं.

ओटीजी, म्हणजे आपल्याकडचा छोटा विजेचा ओव्हन, प्रीहीटला (आधी तापायला) लावा आणि आत पाहा. रॉड लाल झालेला दिसेल. जॉन विल्यम ड्रेपर यांनी १८४७ मध्ये दाखवून दिलं की घन पदार्थ कुठलाही असो, तो अंधारात मंद लाल दिसू लागतो ते साधारण ९७७ फॅरनहाइटला, म्हणजे ५२५ सेल्सियसला. तुमचा रॉड उजेडातही लाल दिसतोय, तेव्हा तो त्याहून बराच वर आहे. ६०० सेल्सियस धरू, म्हणजे ८७३ केल्विन. ओव्हनची भिंत १८० वर, म्हणजे ४५३ केल्विन. दोन्हींचं गुणोत्तर १.९३, दुपटीलाही कमी. पण चौथा घात घेतला की ते जवळजवळ १४ होतं. आकड्यांत सांगायचं तर आदर्श काळ्या पृष्ठभागाची भिंत दर चौरस मीटरला २,४०० वॅटच्या आसपास प्रारण टाकते आणि तेवढाच लाल रॉड सुमारे ३३,००० वॅट. डायल १८० वर आहे आणि केकच्या डोक्यावर जे तळपतंय ते ६०० वर आहे.

अमेरिकेतल्या मोठ्या घरगुती ओव्हनमध्ये बेकिंग करताना वरचा ब्रॉयलर, म्हणजे वरून भाजणारी आच, बहुधा शांत असतो, भिंती लांब असतात आणि केकला चहूबाजूंनी मुख्यतः तापलेल्या भिंतीच दिसतात. रेसिपी लिहिणारीने ३५० लिहिलं ते या परिस्थितीसाठी. आपल्या ओटीजीत वरचा रॉड केकपासून काही सेंटीमीटरवर असतो. बिंदूसारख्या दिव्यापासून अंतर दुप्पट केलं की प्रकाश एकचतुर्थांश होतो हे आपण शाळेत शिकलो. लांब सरळ रॉडच्या जवळ असताना मात्र तो निम्माच होतो, कारण जवळचा भाग दूर गेला तरी रॉडचे बाजूचे भाग आपला वाटा देत राहतात. म्हणून जाळी एक खण खाली घेतल्याने फायदा होतो, पण वाटतो तितका नाही. वरचा रॉड बंद करून फक्त खालचा चालू ठेवणं, किंवा केकचा वरचा थर घट्ट झाला की त्यावर अॅल्युमिनियम फॉइल आडवी धरणं हे जास्त परिणामकारक. चकचकीत फॉइल प्रारणाचा मोठा भाग परतवून लावते. टिनचंही हेच. काळा टिन प्रारण शोषून घेतो, चमकदार टिन परतवतो. ती २५ फॅरनहाइटची सूचना याच कारणाने आलेली असते.

याच ठिकाणी मायक्रोवेव्हबद्दलची एक भीती दूर करायला हवी. रेडिएशनने अन्न दूषित होतं, त्यात किरणोत्सार उरतो, असे निरोप आजही येतात. रॉडचं लाल तेज, निखाऱ्याची धग आणि उन्हाची ऊब हेही रेडिएशनच. मायक्रोवेव्हच्या लहरींच्या एका कणात तर या सगळ्यांपेक्षा कमी ऊर्जा असते. ती पाण्याचे रेणू हलवून अन्न तापवते. अणूचं केंद्र बदलण्याच्या जवळपासही ती जात नाही, आणि बटण बंद होताच लहरी संपतात.

रॉड १८० ला का थांबत नाही, तर तो थांबण्यासाठी बनलेलाच नाही. साध्या ओव्हनचा थर्मोस्टॅट फक्त चालू आणि बंद एवढंच जाणतो. अनेक यंत्रांत तो दोन धातूंची जोडपट्टी असतो. पितळ एका अंशाला मीटरमागे सुमारे १९ मायक्रोमीटर वाढतं, इन्व्हार हा लोखंड-निकेलचा मिश्रधातू जेमतेम एक-सव्वा. दोन्ही एकत्र जखडल्याने पट्टी तापली की वाकते आणि जोडणी तुटते. इन्व्हार शोधणाऱ्या शार्ल गियोम यांना त्यासाठी १९२० चं नोबेल मिळालं. पण जोडणी तुटली तरी रॉडमधली उष्णता लगेच जात नाही. हवा आणखी तापत राहते. मग पट्टी गार होऊन परत जोडली जाईपर्यंत हवा बरीच खाली आलेली असते. त्यामुळे डायलवर १८० असताना आतली हवा त्याच्या वर-खाली पंधरा-वीस अंशांचे हेलकावे खाते. १७६.७ चे १८० केल्याने काही बिघडत नाही ते यामुळेच. प्रीहीट मात्र घाईत उरकू नये. सुरुवातीला रॉड सलग पेटलेले असतात आणि भिंती अजून गार असतात. तेव्हा आत गेलेला केक जवळपास निव्वळ रॉडखाली भाजला जातो. रॉड चालू असल्याचं दाखवणारा दिवा पहिल्यांदा विझला, म्हणजे हवा तापली. त्यानंतर दहा मिनिटं थांबलं की भिंतीही तापतात.

पंख्याचा ओव्हन असेल तर प्रारणाचा वाटा घटतो आणि हवेचा वाढतो. स्थिर हवेत पदार्थाभोवती काही मिलीमीटर जाडीचं गार, दमट हवेचं आवरण बसतं आणि ते उष्णतेला अडवतं. पंखा ते पातळ करतो, म्हणून तेवढ्याच तापमानाला जास्त उष्णता आत जाते आणि डायल २० सेल्सियसने खाली ठेवावा लागतो. एअर फ्रायर म्हणजे हाच पंख्याचा ओव्हन, फक्त लहान पोकळीचा आणि जोरकस वाऱ्याचा. त्यात तळलं जातं हा जाहिरातीतला दावा खोटा आहे. तळणीत पदार्थ तेलात बुडतो आणि तेल हवेपेक्षा कितीतरी वेगाने उष्णता पोचवतं. एअर फ्रायरमधला समोसा चांगला भाजलेला समोसा असतो आणि तसाच तो आवडीने खावा. ओव्हनची रेसिपी त्यात करताना पुन्हा तेच: २० अंश कमी, आणि लक्ष लवकर ठेवायचं.

तापमान दुप्पट केलं की वेळ निम्मा, असाही एक हिशेब ऐकू येतो. तो कधीच चालत नाही. केकच्या आत पाणी आहे तोवर आतलं तापमान शंभराच्या वर जात नाही. एक किलो पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला लागते त्याच्या सातपट उष्णता त्याची वाफ करायला लागते. बाहेर कितीही आग लावा, उष्णता आत झिरपायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गावर ठरतो. जाडी दीडपट झाली की वेळ सव्वादोनपटीकडे जातो. म्हणून टिनचा आकार बदलताना क्षेत्रफळ काढावं. ९ इंची गोल टिन ६४ चौरस इंचांचा, ८ इंची चौकोनीही ६४ चा, म्हणजे मिश्रण आणि वेळ दोन्ही तसेच ठेवता येतात. ८ इंची गोल टिन मात्र ५० चा. त्यात तेवढंच मिश्रण ओतलं तर थर सव्वापट जाड होतो.

आपला ओव्हन काय करतो हे पाहायला आत टांगायचा साधा ओव्हन थर्मामीटर पुरतो. तो मधल्या जाळीवर, केक जिथे बसणार तिथेच ठेवावा, अर्धा तास ओव्हन चालू द्यावा आणि मग दर दोन मिनिटांनी काचेतूनच आकडा टिपावा. दार उघडलं की हवा निसटते. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा यांची सरासरी हे तुमच्या डायलचं खरं तापमान. थर्मामीटर नसेल तर फॉइलवर चमचाभर साखर ठेवून पाहण्याची युक्ती सांगतात, कारण साखर १८६ अंशांना वितळते असं पुस्तकं म्हणतात. ढोबळ अंदाजाला ती ठीक आहे. पण इलिनॉय विद्यापीठातल्या शेली श्मिट यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवलं की साखरेचं हे वितळणं म्हणजे मुख्यतः विघटन असतं आणि ते कधी सुरू होईल हे किती वेगाने तापवलं यावर ठरतं. सावकाश तापवली तर ती १८६ च्या बरीच आधी पातळ होऊ लागते. तेव्हा साखर वितळली म्हणून डायलवर खूण करायची असेल तर ओव्हन आधी पूर्ण तापवून, मगच साखर आत सरकवावी आणि पंधरा मिनिटांत बाहेर काढून पाहावी.