प्राध्यापकांचा संप पेपरांवरच का येतो?

विदर्भातल्या तालुक्याच्या गावी प्राध्यापक संपावर गेले की लोक एकच विचारतात, "पेपर तपासणार का नाही?" वर्गांचं कुणी विचारत नाही. सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी. त्या दिवसांत दर्यापूर-पुसदकडच्या कॉलेजांत वर्ग तसेही अर्धेच भरतात. तिथं फाटकाला कुलूप लावून मंत्रालयाला काय फरक पडणार? निकाल लटकले, की मात्र पुढचे प्रवेश लटकतात.

दुसरं कारण कायद्यातलं. शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्यातला 'कामगार' नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्ये ठरवलं. त्या कायद्याची वाट बंद झाल्यावर उरलं काय, तर सरकारशी बोलणी, विधिमंडळ आणि हायकोर्ट.

ही लढाई कागदावरची, आणि ती नुटानं (नागपूर युनिव्हर्सिटी टीचर्स असोसिएशन, म्हणजे प्राध्यापकांची संघटना) नेटानं लढली. १ मे १९८३ ला अमरावती विद्यापीठ नागपूरपासून वेगळं झालं, तरी नागपूरचं नाव लावणारी ही संघटना वऱ्हाडात टिकली. तिचे नेते प्रा. बी. टी. देशमुख तीस वर्षं अमरावती पदवीधर मतदारसंघाचे आमदार होते. 'नुटा बुलेटिन'मध्ये जीआर, कोर्टाचे निकाल, सभागृहातली प्रश्नोत्तरं जशीच्या तशी छापली जात. वाचायला रूक्ष, पण आडगावच्या स्टाफरूममध्ये मागणी नेमकी कोणत्या जीआरवर उभी आहे ते कळायचं. माझ्या मते संपाची निम्मी तयारी तीच.

२०१३ मध्ये एमफुक्टोनं, म्हणजे राज्यातल्या प्राध्यापक संघटनांच्या महासंघानं, ४ फेब्रुवारीपासून परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० दरम्यान लागलेल्या बिगर नेट-सेट (म्हणजे या पात्रता परीक्षा पास नसलेल्या) प्राध्यापकांचा प्रश्न, या मुख्य मागण्या. हायकोर्टाच्या आदेशानंतर १० मे रोजी तो थांबला. सरकारनं ७१ दिवसांचा पगार अडवला. २५ सप्टेंबर २०१८ च्या संपातही तो मागावा लागला!

कायम प्राध्यापकानं ही कळ सोसली. तासिकेवरच्याचं तसं नाही, त्याला घेतलेल्या तासाचेच पैसे. भरती रखडली तसे हे लोक वाढले, आणि विभागात कायम माणूस एकच उरला की संपातही तास होतातच. शिवाय १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. जुन्या पेन्शनवाला, नव्या पेन्शनवाला आणि तासिकावाला एकाच टेबलाशी डबा खातात. तिघांनाही आपली वाटेल अशी मागणी शोधणं, हे संघटनेपुढचं आजचं काम आहे.